पहिला पोहरा

"पाणी शेंदायला वाकलीस की तोंड मिटायचं. देवांची अंघोळ होऊन तुळशीला पाणी पडेपर्यंत उघडायचं नाही. घर पेटलं तर खुणेनं सांगायचं."

सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी रहाटाच्या दोराला हात लागला की पद्मजाबाईंना हे वाक्य त्याच ठसक्यात ऐकू येई. त्या रविवारीही आलं. त्यांनी पोहरा विहिरीत सोडला, दोर तळहातातून सरकू दिला. खाली पोहरा पाण्यावर आडवा झाल्याचा आवाज आला आणि त्याच वेळी मागं फाटकाची कडी वाजली.

विद्याधर आत येत होता. हा त्यांचा चुलत दीर, शेजारच्याच बंगल्यात राहणारा. त्याच्या काखेत एक जाड वही होती. त्याच्या मागून, चर्चमधल्या सकाळच्या मिसाहून, म्हणजे प्रार्थनेहून परस्पर आलेला, काळा कोट घातलेला बेनेडिक्ट. तो खालच्या गावठाणातला, कस्टममध्ये नोकरीला, चर्चच्या मंडळाचा सेक्रेटरी. दोघांची घरं हाकेच्या अंतरावर होती, पण गेल्या पंधरा वर्षांत त्यांना एकमेकांशी बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. आज बेनेडिक्टनं हॅट काढून हातात धरली होती आणि विद्याधरनं त्याच्यासाठी फाटक उघडं धरलं होतं.

"वहिनी, तुमचं चालू द्या," विद्याधर म्हणाला. "आम्ही ओटीवर बसतो. अनंतदादा उठलाय ना?"

बाईंनी मान हलवली आणि पोहरा वर ओढू लागल्या. पौषातली थंडी होती. अंगावरचं सोवळ्याचं लुगडं पिळून नेसलेलं, अजून ओलंच होतं.

अंधेरीला नळ येऊन बरीच वर्षं झाली होती. या विहिरीचं पाणी आता दोनच कामांना लागे. एक बाईंच्या देवांना. दुसरं खालच्या गावठाणातल्या लग्नांना. तिथले ख्रिस्ती लोक पिढ्यान्‌पिढ्या लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून इथं येत, विहिरीच्या कडेच्या उंबराची डहाळी तोडत, आणि नवरानवरीच्या न्हाणाचं पाणी घागरीत भरून नेत. उंबराचं पाणी म्हणत त्याला. पहिला पोहरा मात्र या घरच्या सवाष्णीनं त्यांच्या घागरीत ओतायचा, असा रिवाज होता. तो कुणी पाडला हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि इथंही कुणाला माहीत नव्हतं. सासूबाई तो ओतत. मग बाई ओतू लागल्या. येत्या रविवारी बेनेडिक्टच्या पुतणीचं, बेटीचं लग्न होतं.

कळशी कमरेवर घेऊन बाई ओटीवरून आत जाऊ लागल्या तेव्हा बेनेडिक्ट बोलत होता. शुद्ध, शाळेतल्यासारखं मराठी.

"आमच्या लोकांनी धर्म घेतला, पण उंबर सोडला नाही. झाडाला पाणी मागायचं, विहिरीत नारळ टाकायचा. हे मूळ धर्मात कुठेही नाही. आमचे नवे फादर म्हणाले, बेनेडिक्ट, तुझ्या घरापासून सुरुवात कर."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," विद्याधर म्हणाला. "आमच्याकडे तरी काय वेगळं आहे? आमच्या बायका गुरुवारी तुमच्या नाक्यावरच्या क्रुसाला झेंडूचा हार घालतात. पोरांना ताप आला की मेणबत्ती लावतात. मुळात हे शिरलं कुठून?"

"हार आम्हालाही नको आहेत."

"आणि आम्हाला तुमचा बँड नको आहे. म्हणजे बघा, आपलं भांडण कशावर आहे?"

"भांडण नाहीच."

दोघं हसले. बाईंनी विद्याधरला असं मोकळं हसताना फार दिवसांनी पाहिलं. स्वतःच्या बायकोशी, भावाशी, कुणाशीच त्याचं एवढं जमत नसे.

देवघरात बसून त्यांनी ताम्हनात देव घेतले. दार उघडं होतं, शब्द येत राहिले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. आठ वर्षांपूर्वी विद्याधर लाल झेंड्याच्या लोकांत होता, तेव्हा याच दारात उभं राहून याच आवाजात तो म्हणाला होता, वहिनी, हे सगळं थोतांड आहे, मुळात शोषण समजून घ्या. त्याच्याआधी खादी होती, तेव्हा त्यानं त्यांच्या माहेरची गर्भरेशमी साडी परदेशी कापडाच्या होळीत टाकायला मागितली होती. आता धर्मरक्षक मंडळ होतं आणि चार महिन्यांवर म्युनिसिपालिटीची निवडणूक. टोप्या बदलत गेल्या, खाली डोकं तेच राहिलं. साडी बाईंनी दिली नव्हती. थोतांडही चालू ठेवलं होतं. प्रत्येक वेळी त्यानं त्यांना अडाणी ठरवलं आणि प्रत्येक वेळी जाताना त्यांच्या हातचे पोहे खाऊन गेला.

बाई सोमवार करत, चतुर्थी करत, चातुर्मासात एक धान्य सोडत. कुणी काय सोडावं हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्या जिभेला आवर घालताना माणूस इतका दमतो की दुसऱ्याच्या पानात काय आहे हे बघायला सवड होत नाही, असा त्यांचा अनुभव होता. विद्याधर मात्र कधी दमलेला दिसला नव्हता.

बाहेर बाईंच्या यजमानांचा, अनंतरावांचा आवाज आला. ते फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि रविवारचं वर्तमानपत्र ते जाहिरातींसकट वाचत.

"ही तुमची दोन्ही पत्रकं एकाच छापखान्यातली दिसतात," दोघांनी वाचायला दिलेले कागद शेजारी शेजारी धरून ते म्हणाले.

"कशावरून?" विद्याधरनं विचारलं.

"धर्मातला 'ध' दोन्हीकडे तुटलाय. एकाच जागी."

बेनेडिक्ट खाकरला आणि म्हणाला, "स्टेशनाजवळ तो एकच स्वस्त आहे."

देवांची अंघोळ झाली. उरलेलं पाणी तांब्यात घेऊन बाई तुळशीकडे निघाल्या. विद्याधर वही उघडून ओटीच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

"वहिनी, एक मिनिट. विहीर काकूनं तुमच्या नावावर केली आहे, म्हणून तुमचा शब्द लागेल. परधर्माच्या माणसानं या विहिरीवर यायचं नाही, इथलं पाणी त्यांच्याकडे जायचं नाही आणि आपल्या माणसानं त्यांच्या क्रुसाकडे जायचं नाही. दोन्ही मंडळांचा ठराव आहे. तुमची हरकत नाही ना?"

बाई थांबल्या. तुळस दहा पावलांवर होती. तुळशीला पाणी पडेपर्यंत तोंड उघडायचं नव्हतं. त्यांनी उजवा हात वर करून तळवा त्याच्याकडे केला. थांब जरा, आलेच.

विद्याधरनं हात बघितला. आयुष्यभर तो सभांत बसला होता, आणि वर झालेल्या हाताचा त्याला एकच अर्थ माहीत होता.

"झालं," तो म्हणाला आणि लिहू लागला. "मालकीणबाईंनी हात वर करून संमती दिली."

बाई तुळशीला पाणी घालून, प्रदक्षिणा घालून परतल्या तेव्हा ओटीवर दोन रिकाम्या कपबशा होत्या आणि अनंतराव चष्मा पुसत बसले होते.

"गेले," ते म्हणाले. "जाताना हात मिळवून गेले दोघं."

"तुम्ही सांगायचं नाही का, माझं मौन होतं म्हणून?"

अनंतरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. "मला वाटलं, तू खरंच हो म्हटलंस."

सोमवारी फाटकावर पाटी लागली. खासगी विहीर. परधर्मीयांस सक्त मनाई. आत आल्यास पोलिसांत कळवले जाईल. मालकांच्या संमतीने. संध्याकाळी बाई विद्याधरकडे गेल्या. त्याची बायको नलिनी आतून पाट घेऊन आली, पण त्या बसल्या नाहीत.

"मी थांब म्हणत होते रे," त्या म्हणाल्या. "हात वर केला तो थांबण्यासाठी."

"आता ठराव झाला, वहिनी. नोंद झाली."

"मग नोंद खोड."

"असं खोडता येत नाही. दोन मंडळांची सही आहे." त्यानं आवाज खाली आणला. समजुतीनं बोलायचं असलं की तो असं करी. "तुम्ही व्रतस्थ बाई. सगळी आळी तुमच्याकडे बघते. तुम्हीच फिरलात तर माझं काय राहिलं? आणि देवळातली शनिवारची पोथी तुम्ही सांगता. ठराव मोडणाऱ्याला देवळात जागा नाही, असं चौथं कलम आहे. मला तुमच्यावर ते लावायला लावू नका."

एकोणीस वर्षं बाई ती पोथी सांगत होत्या. पंधरावीस बायका येत, वाती वळत ऐकत. त्यातल्या निम्म्या वाचता येत नाही म्हणून येत आणि निम्म्या घरातून तासभर सुटका म्हणून. बाई स्वतः कशासाठी जात हे त्यांनी कधी तपासलं नव्हतं. पण शनिवारी दुपारी पोथीचं लाल कापड सोडताना त्यांचा आवाज त्यांना स्वतःला आवडे, आठवड्यातून एवढंच.

"आज तिथी कोणती, विद्याधर?" त्यांनी विचारलं.

विद्याधरची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. कॅलेंडरवर अजून डिसेंबरच होता.

"एकादशी," बाई म्हणाल्या. नलिनी पाट उचलून आत गेली. आतून तळलेल्या कांद्याचा वास येत होता.

गुरुवारी दुपारी ल्युसी आली. बेनेडिक्टची आई, बेटीची आजी, पंच्याहत्तरीची. चौकड्याचं लाल लुगडं गुडघ्याखाली कसलेलं, कानात सोन्याचे जड कारब, हातात काठी. ती फाटकाच्या आत आली नाही. बाहेर पाटीखाली उभी राहिली आणि काठीनं फाटक वाजवलं.

"काय गो पद्मजा, तुजी पाटी बघाया आलू. मना वाचाया येत नाय. बेटीनं वाचून दावली."

"आत ये, ल्युसीबाय."

"नाय बा. पोलीस येतील. या वयात मना कोन सोडवाया येनार? माजा बेनेडिक्ट त नक्कीच नाय येनार."

बाई बाहेर गेल्या. फाटकाशेजारच्या कट्ट्यावर दोघी बसल्या. ल्युसीनं कमरेची चंची सोडली, पान लावलं, एक बाईंपुढे धरलं, मग आठवण होऊन मागं घेतलं.

"तुजा आज उपास असंल."

"आज नाही," बाई म्हणाल्या आणि पान घेतलं.

"माजा पोर लय शिकला गो. इतका शिकला का त्याला आता माजा बाप्तिस्मा कच्चा वाटतो. शुक्रवारी लोकांच्या टोपाचं झाकन उचलून बघतो, मटन शिजवलं का. परवा यानं झाकन उचलल्याव शेजारच्या माणकूनं याच्या नाकाव वाफ सोडली. नाक लाल घेऊन घरी आला. मी बोलली, बरा झाला, पाप तुज्याच नाकाला लागला."

बाई हसल्या. ल्युसी हसली नाही. तिनं काठीचं टोक मातीत रुतवलं.

"नळाचं पानी घे, बोलतो. नळाला ना झऱ्याचा डोला, ना तल. माजी आय उंबराचे पान्यानं न्हाली, मी न्हाली. बेनेडिक्टपन याच पान्यानं न्हाला, त्याच्या लगनात. तवा नाय विचारला, हे मूळ धर्मात हाय काय म्हनून. तवा मान खाली घालून गप बसला व्हता, थंडीनं कुडकुडत."

"लुईस काय म्हणतो?" बाईंनी विचारलं. लुईस बेटीचा बाप, ल्युसीचा धाकटा. तो गोरेगावच्या स्टुडिओत सुतार होता.

"तो काय बोलनार? तो प्लायवुडचं देऊल पन करतो, प्लायवुडचं चर्च पन करतो. त्याला दोनी उभी कराया येतात, भांडाया येत नाय." ल्युसीनं पिंक टाकली. "ऐक पद्मजा. बेटीला आय नाय. न्हानाआधी तिला नारलाचा रस मीच लावनार. पन पानी नाय त मी रस लावनार नाय. आनि रस नाय लावला त मी लगनात जानार नाय. मी असा बोलली घरात. मना वाटला, पोर घाबरंल. पोर बोलला, बरा आय, तू घरीच बस."

तिनं चंचीची दोरी ओढून बांधली.

"बेटी रडते. मी पन आता कसा फिरू? शब्द बोलली ना."

उंबराचं एक पान दोघींच्या मधे पडलं. ल्युसीनं ते उचलून बाजूला ठेवलं.

"तू व्हय बोललीस काय त्यांना? खरा सांग."

"नाही. माझं मौन होतं. मी बोललेच नाही."

"तेच त," ल्युसी म्हणाली. "बोललीच नाय."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, हात कसा वर केला, तो का केला, विद्याधरनं काय लिहिलं. ल्युसी तोंडात पान धरून ऐकत राहिली. शेवटाला आल्यावर तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मंग," ती डोळे पुसत म्हणाली, "आता तो हात खाली कर."

रस्त्यानं एक टांगा गेला. बाईंनी धूळ बसू दिली.

"शनिवारी सकाळी पाणी येईल," त्या म्हणाल्या.

"कोन आनील? आमची पोरगी आत पाय ठेवंल त..."

"मी आणीन."

ल्युसीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या पायांकडे, आणि पुन्हा तोंडाकडे.

"सोवल्यात? आमचे घरात?"

"परत येऊन अंघोळ करीन. पाण्याला काय तोटा आहे?"

"तुजी पोथी जाईल. बेनेडिक्ट घरात सांगत व्हता, तुज्या दीरानं कलम टाकलंय."

"हो," बाई म्हणाल्या. "जाईल."

ल्युसीनं त्यांचा हात धरला नाही, आभारही मानले नाहीत. काठीवर जोर देऊन उठली आणि जाताजाता म्हणाली, "घागर मोठी आन. बेटीचं केस लांब हायेत."

शुक्रवारी जेवणं झाल्यावर बाईंनी पोथी लाल कापडात बांधली आणि अनंतरावांसमोर ठेवली.

"उद्या ही नलिनीकडे द्या."

"तिला सांगता येईल?"

"अक्षर लावते ती. हळूहळू येईल."

अनंतरावांनी पोथीकडे पाहिलं, मग बायकोकडे. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. काय विचारायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"मोठी घागर भरल्यावर झेपेल ना तुला?" त्यांनी विचारलं.

"झेपेल."

शनिवारी उजाडायला बाईंची अंघोळ झाली होती. ओलं लुगडं नेसून त्या विहिरीवर आल्या. रोजच्या जागेवर देवांची तांब्याची कळशी होती. पहिला पोहरा नेहमी तिच्यात पडे. बाईंनी पोहरा वर घेतला, काठावर टेकवला आणि क्षणभर कळशीकडे बघत राहिल्या. मग तो शेजारच्या मोठ्या पितळी घागरीत ओतला. आणखी तीन पोहरे ओतले. उंबराची एक लहान डहाळी मोडून घागरीच्या तोंडाशी ठेवली. देव आज थोडे थांबणार होते. ते थांबतील याबद्दल त्यांना शंका नव्हती. थांबता न येणारी मंडळी वेगळी होती.

फाटकाबाहेर विद्याधर उभा होता. दाताला मंजन, खांद्यावर पंचा, अजून पारोसाच. घागर, डहाळी आणि गावठाणाकडे वळलेले पाय बघून तो पुढं झाला.

"वहिनी, हे काय? कुठं निघालात?"

बाई चालत राहिल्या.

"मी विचारतोय. अहो, काहीतरी बोला ना." तो रस्त्याच्या मधे आला. "आज मी मौनाचा अर्थ लावणार नाही हं. तोंडानं सांगा."

त्यानं घागरीचा काठ धरायला हात पुढं केला. बाई थांबल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, रागानं नाही, अंगणात शिरलेल्या दुसऱ्याच्या बकरीकडे बघावं तसं. विद्याधरचा हात काठापासून वीतभर अंतरावर थबकला. मंजनाचा काळा ओघळ मनगटापर्यंत आला होता. समोर ओलं सोवळं होतं, आणि आजूबाजूच्या दोनतीन खिडक्या उघड्या होत्या. पारोश्या हातानं सोवळ्यातल्या बाईला शिवलेला धर्मरक्षक मंडळाचा उमेदवार, हे त्या खिडक्यांनी निवडणुकीपर्यंत पुरवून वापरलं असतं.

त्यानं हात मागं घेतला. मग एक पाऊलही मागं घेतलं, गटाराच्या कडेपर्यंत.

बाईंनी घागर एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतली, घसरणारी डहाळी बोटानं आत सारली, आणि गावठाणाच्या उताराला लागल्या.